कँडिडेटची चौकशी

जगात काळजी करण्यासारखं जे जे काही आहे ते आधी माझ्या साडूभाऊंच्या हाताखालून जातं आणि त्यांचं करून झालं की उरलंसुरलं आपल्या वाट्याला येतं, असं माझं पक्कं मत आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याकडच्या डोंगरात त्यांचं गाव. तिथल्याच हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी कारकुनीत काढली आणि आता निवृत्त होऊन ते पूर्णवेळ काळजी करतात. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघणं कुणीही करतं. साडूभाऊ चार पावलं जाऊन परत येतात आणि आपण स्वतः आत तर राहिलो नाही ना, अशा चेहऱ्यानं खिडकीतून डोकावतात. एसटीत बसायच्या आधी गाडी कुठं जाते हे ते कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला विचारतात, दोघांची उत्तरं जुळली की पाटी वाचायला पुढं जातात, आणि तेवढ्यात गाडी सुटते. मग आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, गाडीतून एकट्याच भोरला आमच्या घरी येतात आणि पायरीवर टेकून शांतपणे सांगतात, "मागच्या गाडीनं येतील. तिची पाटी वाचून झाली की."

पण हे झालं किरकोळ. त्यांच्या काळजीचा खरा मुलूख म्हणजे इंग्रजी शब्द. माझ्या लग्नानंतर वर्षभरात त्यांनी पुण्याला रद्दीवाल्याकडून एक जाडजूड डिक्शनरी आणली. तिच्यात शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द मूळचा कुठला, कुणाच्या घरातला, कसकसा फिरत आला हेही बारीक अक्षरात दिलेलं होतं. त्या दिवसापासून कूळ विचारल्याशिवाय त्यांनी एकही इंग्रजी शब्द उंबऱ्याच्या आत घेतलेला नाही. माझ्या मुलीनं एकदा त्यांच्या नव्या सदऱ्याकडं बघून "काका, नाइस!" म्हटलं. बिचारीनं कौतुक केलं. साडूभाऊंनी घरी जाऊन बघितलं तर तो शब्द मुळात 'ज्याला काही कळत नाही असा' या अर्थाचा निघाला. सदरा पुन्हा अंगाला लागला नाही. भोरच्या डॉक्टरांनी त्यांची पोटरी दाबून "मसल आखडलाय" म्हणून सांगितलं, तर हे रात्रीतून शोधून बसले की मसल म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटा उंदीर. कातडीखाली उंदीर पळाल्यागत हलतो, म्हणून जुन्या लोकांनी ते नाव ठेवलं म्हणे. तिसऱ्या दिवशी हे पुन्हा दवाखान्यात हजर. "डॉक्टर, त्यो आता मांडीकडं निघालाय." डॉक्टरांना आधी काय निघालंय हेच कळेना.

मी त्यांची थट्टा करायचो. म्हणायचो, "साडूभाऊ, ह्या शब्दांच्या घरात काय आपली मुलगी द्यायचीय का? कशाला एवढी चौकशी?" यावर त्यांनी हसावं अशी माझी अपेक्षा असायची. पण ते एकदम गंभीर व्हायचे, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "न्हाई पाव्हणं. इचारल्याबिगर कुनाला घरात घेऊ ने."

ते असं बघायला लागले की मी विषय बदलायचो. त्याचं कारण सांगायला मला तीस-बत्तीस वर्षं मागं जावं लागेल, आणि गेल्या वर्षापर्यंत ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा मी नसरापूरला राहायचो, स्टँडसमोरच्या दूध सोसायटीच्या कचेरीत लिहायला होतो. लग्नाच्या आदल्या वर्षी, बाजारच्या दिवशी, भर स्टँडवर मला फिट आली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची, पण ती अख्ख्या बाजारानं पाहिली. शुद्धीवर आलो तेव्हा समोरच्या चहावाल्यानं माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावला होता आणि भोवती निदान पन्नास माणसं उभी होती. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या, वेळेवर बंदही झाल्या. पुढं मुलगी बघायला गेलो, मुलीकडच्यांना मी बरा वाटलो, आणि मग रीतीप्रमाणं माझ्या सासऱ्यांनी थोरल्या जावयाला नसरापूरला चौकशीला धाडलं. चार माणसांना विचारायचं, मुलगा कसा, घर कसं, काही व्यसन-आजार आहे का. मी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं तर साडूभाऊ त्याच चहावाल्याच्या बाकड्यावर बसलेले. चांगले दोन तास बसले. मधूनमधून चहावाल्याशी बोलत होते आणि चहावाला हातवारे करकरून त्यांना काहीतरी सांगत होता. माझं लग्न तिथंच मोडलं असं मी धरून चाललो. पण चौथ्या दिवशी होकार आला.

याचा अर्थ एकच निघत होता. साडूभाऊंना सगळं कळलं होतं आणि त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. का ठेवलं, ते मला कधी उलगडलं नाही. आई म्हणाली, "लग्न झाल्यावर आपणच सांगू." लग्न झालं. नोकरीपायी लगेच भोरला बिऱ्हाड आलं. मग म्हणाली, मूलबाळ होऊ दे. ते झालं, आई गेली, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. मात्र साडूभाऊ दर महिन्या-दोन महिन्यांनी भोरला यायचे. येताना हातात रायवळ आंब्यांची नाहीतर नव्या तांदळाची पिशवी असायची, आणि नजर माझ्यावर. मी स्टुलावर चढून बल्ब लावायला लागलो की ते धावत येऊन खाली उभे राहायचे. एकदा न्हाव्यानं दाढी करताना सांगितलं, "तुमचे पाव्हणे आले होते. तुम्ही दारू पिता का, बायकोवर हात टाकता का, मधेच रागानं थरथरता का, असं विचारत होते." माझ्या अंगाला खरंच थरथर सुटली. माणूस तीस वर्षं गुपित सांभाळतो, वर पाळत ठेवतो. उपकार मानावेत की घाबरावं हे न कळून मी दोन्ही करत आलो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. साडूभाऊंच्या गावात पंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपदासाठी कुणीतरी निर्व्यसनी, भांडणात नसलेला माणूस हवा, म्हणजे जमलं तर बिनविरोध होईल, असं जाणत्यांचं ठरलं आणि सगळ्यांची बोटं साडूभाऊंकडं वळली. तरण्या पोरांनी मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपात त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला कँडिडेट फिक्स.' साडूभाऊंनी तो वाचला, आणि सरपंचपद राहिलं बाजूला, ते डिक्शनरीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मला फोन. "पाव्हणं, लई अवघड काम हाय."

"काय झालं? कुणी उभं राहतंय का विरोधात?"

"त्याचं न्हाई वो. कँडिडेट म्हंजी काय, ठावं हाय का तुमास्नी? पांढरीफेक कापडं घातलेला माणूस. रोममधी ज्याला निवडून यायचं आसंल त्यो खडू चोळून पांढरा केलेला आंगरखा घालून लोकांपुढं जायाचा. सगळ्यांनी बघावं, कुठं डाग हाय का ते."

मी म्हटलं, मग बरंच झालं, आपल्याकडंही पुढारी पांढरेच घालतात, नवीन काही शिवायला नको. पण त्यांचा आवाज काही सैल होईना. त्यांनी त्या शब्दाची अख्खी भावकी धुंडाळली होती. मेणबत्तीची कँडल त्याच घरातली. मनात एक आणि ओठात एक नसणं, ते कँडिडही त्याच घरातलं. पुण्याची नवरा-नवरी फोटो काढायला धरणावर येतात आणि फोटोवाला 'कँडिड, कँडिड' म्हणून ओरडतो, तोच. तिघे सख्खे भाऊ. फक्त खायची कँडी त्यांच्यातली नाही. ती आपल्या खडीसाखरेची पोरगी, अरबांच्या घरून फिरून तिकडं नांदायला गेलेली, असं त्यांनी सांगितलं आणि तिला या प्रकरणातून मोकळी केली. "कापडं निळीत घालून पांढरी व्हत्यात, पाव्हणं," ते शेवटी म्हणाले, "पन माझ्या अंगावर डाग हायेत. ते निघाल्याबिगर फारम भरनं म्हंजी फसवनूक."

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण दुसऱ्याच सकाळी पांढरा सदरा-पायजमा घालून साडूभाऊ डाग काढायला बाहेर पडले. पहिलं घर शेजारणीचं. तिला म्हणाले, "तुमची कोंबडी आमच्या पडवीत अंडी घालायची. तीन म्हैनं आमी खाल्ली. सांगावं म्हनत हुतो, धीर झाला न्हाई." त्या माउलीनं त्या तीन महिन्यांत सुनेवर संशय घेऊन घरात अबोला धरला होता. तिनं साडूभाऊंच्या समोरच सुनेला हाक मारली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. पुढं ते भजनी मंडळाकडं गेले आणि आपण अकरा वर्षं नुसते ओठ हलवत होतो, सूर बिघडेल या भीतीनं आवाज कधी काढलाच नव्हता, असं सांगून आले. बुवा म्हणाले, तरीच. मग निघाली शाळेची बाब. जन्मतारीख कुणाला नीट सांगता आली नाही की मास्तर एक जून लावायचे, हे आपल्याकडं सगळीकडंच चालतं. पण काही आयांनी खऱ्या तारखा सांगितल्या होत्या, त्या साडूभाऊंना नीट ऐकू आल्या नव्हत्या, आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटून त्यांनी त्यांनाही एक जून लावून टाकली होती. त्यासाठी ते आता घरोघर फिरत होते. पन्नाशीतले बाप्ये माफीचं ऐकून गोंधळून जात होते. पोरांनी त्यांचे पाय धरले. "काका, लोकांची मतं मागायची हायेत, माफी न्हाई. बास करा." साडूभाऊ म्हणाले, अजून नऊ घरं राहिलीत.

ही सगळी खबर मला अक्का फोनवरून द्यायच्या. "आज सात घरं झाली. आता दोनच राह्यली." मी इकडं हसायचो, बायकोला रंगवून सांगायचो. पाचव्या दिवशी अक्का म्हणाल्या, "गावातली संपली. फारम भरायला दोनच दिवस हायेत. उद्या सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं येतायत. सगळ्यात मोठा डाग तुमच्या घरातला हाय म्हणे."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. बायको विचारत होती, अक्का काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, सहज. म्हणजे आता हा माणूस तीस वर्षांचं गुपित माझ्या बायकोसमोर ओतणार, आणि कशासाठी, तर कुठल्याशा रोमन लोकांना खडू चोळायची सवय होती म्हणून! सकाळी सहालाच उठून मी बायकोला सुचवलं की बऱ्याच दिवसांत तू मंदिरात गेली नाहीस. ती म्हणाली, "परवाच तर गेले." मी म्हटलं, भाजी आण. तिनं मेथीच्या दोन जुड्या दाखवल्या. शेवटी मीच साडूभाऊंना वाटेत गाठायला स्टँडवर गेलो. ते पहिल्याच गाडीनं आले, आणि पाटी न वाचता आले, यावरून प्रकरण किती पुढं गेलंय ते मला कळलं. सदरा इतका पांढरा होता की उन्हात बघवेना. मी म्हटलं, "साडूभाऊ, जे काय आहे ते आपण इथंच चहा पिऊन मिटवू." त्यांनी मान हलवली. "दोघांच्या म्होरंच बोलायचंय. तिचा गुन्हेगार हाय म्या."

घरी बायको मेथी निवडत बसली होती. साडूभाऊ खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसले. हात जोडले. मी दाराला धरून उभा.

"सुमन, तुझ्या लग्नाच्या टायमाला तुझ्या बानं मला नसरापूरला धाडलं हुतं. चार लोकांना इचारून ये म्हनला. म्या गेलो. च्या पिलो. दोन तास बसलो आन् परत आलो. कुनालाच कायबी इचारलं न्हाई."

मेथी निवडणारा हात थांबला. "म्हणजे?"

"इचारायचा धीरच झाला न्हाई. लोकांनी वाईट सांगितलं तर तुझ्या बाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आन् चांगलं सांगितलं तर ते खरंच कशावरनं? च्यावाल्याला फकस्त परतीची यष्टी किती वाजता ते इचारलं. तीन येळा. घरी जाऊन म्हनलो, पोरगा चांगला हाय. तवापासनं माझ्या जिवाला घोर हाय बघ. बिनचौकशीची पोरगी दिली आपुन. म्हनून येऊन येऊन बघायचो. न्हाव्याला, दुकानदाराला इचारायचो. जे तवा केलं न्हाई ते करत बसलो."

म्हणजे यांना काहीच माहीत नव्हतं. तीस वर्षं मी ज्या नजरेला भीत होतो, ती नजर मला भीत होती. चहावाला हातवारे करत होता ते एसटीच्या दिशेनं! मला हसू येत होतं. मी वाचलो होतो. आता माझं गुपित बायकोपर्यंत नेईल असा एकही माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात साडूभाऊ माझ्याकडं वळले. "पाव्हणं, आज इचारतो. तवा इचारलं असतं, तर काय कळलं असतं?"

'काही नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. ते माझ्या जिभेवर आलेही होते. पण त्या माणसाचा चेहरा माझ्या समोर होता. कपाळावर घाम, हात अजून जोडलेले, आणि माझ्या उत्तरावर आपला तीस वर्षांचा घोर सुटणार या आशेनं ते बघत होते. त्यांना खोटं सांगायचं मला जमलं नाही. मी सांगितलं. बाजार, स्टँड, कांदा, गोळ्या, सगळं सांगितलं. सांगताना मी बायकोकडं बघितलं नाही.

मग ती बोलली, पण माझ्याशी नाही.

"दाजी, हे तवा तुमाला कळलं असतं, तर बाबांना काय सांगितलं असतंत?"

साडूभाऊंनी विचार केला. खोटं बोलायचा दिवस तो नव्हता. "नगा देऊ म्हनलो असतो," ते हळूच म्हणाले. "म्या भ्यालो असतो, सुमन."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा मेथी ओढून घेतली. "तुमी भित्रे हाय ते बरं झालं, दाजी."

साडूभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी ते पुसलं, आणि मग बाहीवर डाग पडला का ते बघितलं. जाताना दारातून दोनदा परत येऊन त्यांनी विचारलं, "म्हंजी भरू ना मग फारम?"

त्यांनी दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला तहसील कचेरीत जाऊन अर्ज भरला. विरोधात उभं राहायला दोघे-तिघे तयार होते, पण साडूभाऊंच्या या फेऱ्यांनंतर त्यांची हिंमत होईना. उभं राहायचं म्हणजे आपल्यालाही घरोघर जाऊन सगळं सांगावं लागतंय की काय, असं गावात वातावरण झालं होतं. साडूभाऊ बिनविरोध निवडून आले. आता ते गावाच्या नळाची, दिव्यांची आणि धरणाकडच्या रस्त्याची काळजी करतात आणि गावाचं त्यात भलंच होतंय असं अक्का सांगतात. आमच्याकडं येणं मात्र कमी झालं आहे. परवा न्हावी म्हणाला, "तुमचे पाव्हणे दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत, काही विचारायला आले नाहीत." माझ्याबद्दल काळजी करणारं एक माणूस कमी झालं हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला जरा वाईट वाटलं.

त्या दिवशी साडूभाऊ गेल्यावर बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. जेवणात मेथीची भाजी होती, ती तिनं वाढली. मी खाली मान घालून जेवलो. तिन्हीसांजेला ती चहा घेऊन ओट्यावर आली, माझ्या शेजारी बसली.

"मुलांच्या वेळी पण भ्यालात का? त्यांना होईल म्हणून?"

"दोन्ही वेळा," मी म्हटलं. "ती मोठी होईपर्यंत."

तिनं कप खाली ठेवला. "मला सांगितलं असतंत, तर मीपण भ्याले असते की थोडी," ती म्हणाली. "एकट्यानंच काय भ्यायचं इतकी वर्षं?"